आवक एकेचाळीस, प्रलंबित शून्य

ताईच्या छातीत गाठ असल्याचे आणि ती साधी नसल्याचे बुधवारी कळले. शुक्रवारपर्यंत सतरा जणांनी आम्हाला 'काही लागलं तर सांगा' असे सांगितले होते.

मी एका कार्यालयात आवक-जावक विभागात बावीस वर्षे काम करतो. आमच्याकडे आलेला प्रत्येक कागद, मग तो कितीही निरर्थक असो, नोंदवला जातो, त्याला क्रमांक मिळतो आणि निकाली निघेपर्यंत तो प्रलंबित राहतो. माणसाच्या तोंडून आलेली गोष्ट कागदापेक्षा हलकी का मानावी, हे मला समजेना. म्हणून मी घरी एक वही सुरू केली. रकाने पाच: अनुक्रमांक, नाव व नाते, काय म्हणाले, काय मागितले, निकाल.

केमोच्या तिसऱ्या डोसपर्यंत आवक एकेचाळीसवर गेली. या काळात एक निरीक्षण हाती लागले. हे वाक्य माणसे नेहमी उठताना, चपला घालताना किंवा दार ओढून घेताना म्हणतात. ऐसपैस बसून कोणी ते म्हटल्याची एकही नोंद नाही.

घरात आम्ही दोघेच. माझे लग्न जमले नाही, ताईचे टिकले नाही. पहिल्या तीन डोसांना मीच गेलो आणि शिल्लक रजा संपली. चौथा डोस मंगळवारी सकाळी आठला होता. रुग्णालयाचा नियम असा, की सोबत एक प्रौढ व्यक्ती सहा तास बसणार नसेल तर डोस मिळत नाही. तारीख चुकली तर पुढची तीन आठवड्यांनी. "चुकवू नका," डॉक्टरांनी बजावले होते, "आपण थांबलो तरी गाठ थांबत नाही."

म्हणजे एक माणूस हवा होता, आणि माझ्या वहीत एकेचाळीस होते. मी निर्धास्त होतो.

अनुक्रमांक एक आमचे साहेब. ताईचे कळले त्या दिवशी ते स्वतः माझ्या टेबलापर्यंत चालत आले होते आणि "काहीही लागलं तर थेट माझ्याकडे यायचं" असे म्हणाले होते. ते अख्ख्या विभागाने ऐकले. ऐकावे म्हणूनच ते म्हटले गेले होते. मी थेट गेलो.

"साहेब, मंगळवारी एक दिवस रजा लागेल."

"अहो, रजा सोडून काहीही मागा," साहेब कळवळून म्हणाले. "मंगळवारी दप्तर तपासणी आहे. तुमचं टेबल म्हणजे कार्यालयाचा चेहरा."

बावीस वर्षे मी संडासाशेजारी बसतो. तो कार्यालयाचा चेहरा असल्याचे मला तेव्हाच कळले. निकालाच्या रकान्यात मी लिहिले: रजा सोडून काहीही.

अनुक्रमांक चार मावसभाऊ. स्वतःचे दुकान, स्वतःची गाडी, आणि शाळेत असताना दोन वर्षे त्याचा अभ्यास ताईने घेतलेला. 'अर्ध्या रात्री हाक मार, धावत येतो,' असे त्याचे शब्द माझ्याकडे तारखेसह होते.

"मंगळवारी सकाळी आठला ये," मी फोनवर सांगितले.

"सकाळी?" तो गोंधळला. "मी रात्रीचं म्हणालो होतो रे. दिवसा दुकान कोण बघणार?"

"डोस रात्री देत नाहीत."

"तिथेच तर चुकतं त्यांचं," तो म्हणाला, आणि आरोग्यव्यवस्थेबद्दल बराच वेळ बोलला.

अनुक्रमांक नऊ ताईची वर्गमैत्रीण. ही बाई अतिशय हळवी आहे, असे तिने स्वतःच मला दोनदा सांगितले. रुग्णालयाचा वास आला तरी तिला भोवळ येते. "पण मनाने मी सतत तिच्याजवळच असते हो," ती म्हणाली. खातरजमा करून घ्यावी म्हणून मी रुग्णालयात फोन केला. मनाने आलेल्यांना पास मिळत नाही, असे तिथल्या सिस्टरने कळवले.

मग मामा. मामा दर रविवारी टेकडी चढतात आणि चढल्याचे फोटो सगळ्यांना पाठवतात. "तिला म्हणावं, मन खंबीर ठेव," ते म्हणाले. "अर्धा आजार तिथेच बरा होतो."

"उरलेल्या अर्ध्यासाठी मंगळवारी याल का?"

"माझे गुडघे तुला माहीतच आहेत," मामा म्हणाले. रविवार सोडून ते दुखतात, हे मला माहीत होते.

ताई हे सगळे पलंगावरून ऐकत होती. डोक्यावर लोकरीची टोपी, ओठांना चिरा, तोंडाला कशाचीच चव नाही, तरी जीभ शाबूत. "कशाला लोकांना पेचात पाडतोस? बोलायची पद्धत असते ती," ती म्हणाली. "मी जाते एकटी. सांगते, भाऊ खाली गाडी लावतोय."

"सहा तास?"

"तिथलं पार्किंग बघितलंयस ना? कुणाला संशय येणार नाही."

मला हसू आले नाही. तीन आठवडे म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही नीट माहीत होते, आणि मला भीती वाटत होती.

शेवटी मी विषय 'आपली लाडकी ताई' या फोनवरच्या गटात मांडला. सदस्य चौतीस. 'मंगळवारी ताईसोबत कोण बसेल?' या प्रश्नावर तासाभरात, मी सोडून, तेहेतीस जोडलेले हात आले. त्यात एक ताईचाही होता, तो चुकून दाबला गेला असे ती म्हणते. मग थोरल्या काकांनी, असे विस्कळीत काम नको, म्हणून समिती नेमली. समितीत समन्वयप्रमुख, मनोधैर्यप्रमुख, आहारप्रमुख आणि पाठपुरावाप्रमुख नेमले गेले. बसणारा मनुष्य ही बाब पाठपुरावाप्रमुखाकडे गेली, आणि त्याने दर दोन तासांनी मलाच 'मिळाला का?' असे विचारून पाठपुरावा केला. परदेशातल्या चुलतभावाने मतदान घ्यायची सूचना केली. पर्याय तीन होते: 'यायची फार इच्छा होती', 'जमवलंच असतं, पण' आणि 'पुढच्या वेळी नक्की'. तिसरा पर्याय प्रचंड बहुमताने निवडून आला. समितीने एकमेकांचे आभार मानले.

सोमवारी संध्याकाळपर्यंत एकेचाळीसच्या एकेचाळीस नोंदी निकाली निघाल्या होत्या. तेवढ्यात दार वाजले.

दारात खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. आमच्या न्हाणीघरातून त्यांच्या छताला गळती आहे आणि त्यावरून चार वर्षे आमचे भांडण आहे. माझ्या दोन पिढ्यांचा उद्धार त्यांनी जिन्यात केलेला आहे. ताईच्या आजाराबद्दल त्या आजवर चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

"उद्या दहाला प्लंबर येतोय. घरी कोणीतरी थांबा. मागच्या वेळेसारखं कुलूप नकोय मला."

"उद्या कोणी नाही. मला ऑफिस आहे, ताईचा डोस आहे."

"मग तिच्यासोबत कोण?"

"ते ठरतंय."

"ठरतंय म्हणजे? उद्यावर आलं आणि ठरतंय? किती वाजता निघायचं?"

"साडेसातला. पण तुम्ही तर काही..." माझ्या हातात वही होती. त्यांचे नाव त्यात कुठेच नव्हते.

"मी काय? सहा तास बसायचं ना? हातशिलाई घेऊन बसेन. किल्ली माझ्या सुनेकडे द्या, प्लंबर परत गेला तर गाठ माझ्याशी आहे."

त्या दार आपटून गेल्या. 'काही लागलं तर सांगा' असे म्हणाल्या नाहीत.

मंगळवारी त्या गेल्या. वातानुकूलन कमी करा म्हणून सिस्टरशी भांडल्या आणि करवून घेतले. ताईला उलटी झाली तेव्हा भांडे धरले. उरलेल्या वेळात एकवीस हुक लावले आणि गळतीबद्दल ताईला तोंडावर सुनावले.

इकडे तपासणी अधिकारी दुपारी चारला आले. माझ्या टेबलाशी ते चार मिनिटे थांबले. समोरची पहिली वही त्यांनी उचलली, ती नेमकी घरची, मी सवयीने सोबत आणलेली होती. त्यांनी ती उलटीसुलटी केली, शेवटची बेरीज पाहिली आणि साहेबांना म्हणाले, "आवक एकेचाळीस, निकाली एकेचाळीस, प्रलंबित शून्य. याला म्हणतात काम. इतरांना दाखवा ही वही." साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पहिल्याच ओळीत ते स्वतः होते, पण वाचायची आमच्याकडे पद्धत नाही.

मी तरंगतच घरी आलो आणि ताईला सगळे सांगितले. तिने हात पुढे केला. पडल्या पडल्या, मध्ये दोनदा डोळे मिटून, तिने वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली.

"एक नाव राहिलं," ती म्हणाली.

"बाईंचं? त्या काही म्हणाल्याच नव्हत्या. आवकच नाही तर..."

"तुझं. गाठ कळली त्या रात्री काय म्हणाला होतास?"

मी म्हणालो होतो, 'ताई, मी आहे.'

"अगं, तपासणी होती."

"हो ना," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरे झाले असते. "मावसभावाचं दुकान होतं. मामांचे गुडघे होते."

ती झोपल्यावर मी वही उघडली. बिनपगारी रजा घेता आली असती. फार तर साहेबांनी मेमो दिला असता. हे मला साहेबांकडे गेलो तेव्हाही माहीत होते. अनुक्रमांक बेचाळीस: सख्खा भाऊ. काय म्हणाले: मी आहे. काय मागितले: काहीच नाही. निकाल: कार्यालयीन कामामुळे जमले नाही.

पाचवा डोस तीन आठवड्यांनी, मंगळवारीच, सकाळी आठला आहे. इथवर वाचताना तुम्हाला ताईबद्दल वाईट वाटले असेल आणि मनातल्या मनात तुम्ही 'काही लागलं तर सांगा' असे म्हणालाही असाल, म्हणून त्रेचाळिसावी ओळ मी आखून ठेवली आहे. नाव तुमचे तुम्हीच लिहा. निकालाचा रकाना मी आधीच भरला आहे.