सापडण्याची सोय

जनावरांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी उड्या मारायच्याच काय त्या बाकी ठेवल्या होत्या. दवाखान्याच्या लॅपटॉपमध्ये अठरा वर्षांतली कुत्री-मांजरं भरलेली होती, पण नोंद निघायची ती फक्त केस नंबरावर. आता नंबर कोणाच्या बापाच्या लक्षात राहतो? लक्षात राहतं ते मोजा गिळलेलं कुत्रं! शेवटी मेव्हण्याने दोन दिवस ठिय्या मारून सोय करून दिली. कुठलाही शब्द टाका, तो जिथे जिथे असेल त्या सगळ्या नोंदी हजर.

"भावोजी, तुमचे खासगी शेरेसुद्धा धरू का शोधात?" त्याने विचारलं होतं.

"अरे, सगळं म्हणजे सगळं!" डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा त्यांचं बोट सशाच्या तोंडात होतं.

आता त्यांनी 'मोजा' टाकलं. सात कुत्री! 'चावलं' टाकलं. दोनशे बारा!

"अगं, बघ तरी!"

"नाचू नका," काउंटरवरून बायको म्हणाली. "आई येतेय मांजर घेऊन. मागच्या खेपेला 'काही झालेलं नाही' म्हणून तिला वाटेला लावलंत, बिचारी रडत घरी गेली. पुन्हा दुखावलंत ना, तर मी काउंटर सोडून चालले. मग बसा फोन घेत आणि कुत्री आवरत."

बायको नसेल तर डॉक्टरांना साधा कापूस सापडत नसे. शिवाय आत्ता कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. लॅपटॉप इंटरनेटला जोडलेला नव्हता, म्हणून कोण बघतंय अशा समजुतीने त्यांनी शेऱ्यांमध्ये मन मोकळं केलं होतं. आणि सगळ्यात जास्त सासूबाईंबद्दल!

तेवढ्यात सासूबाई आल्याच. मेव्हण्याला कोण उत्साह! "आई, गंमत बघ. कुठलाही शब्द सांग."

"माझंच शोध की काहीतरी."

त्याने 'सासूबाई' टाइप करायला घेतलं. डॉक्टरांनी झेप घेऊन भिंतीतून एक्स्टेन्शन बोर्डाचा प्लग उपटला. पंखा थांबला, औषधांचा फ्रिज गप्प झाला, लॅपटॉप मात्र बॅटरीवर मजेत चालू राहिला.

"एकेचाळीस नोंदी!" मेव्हणा मोठ्याने वाचू लागला. "'मांजर ठणठणीत. सासूबाई पाऊण तास बोलल्या. गुंगीचं इंजेक्शन नक्की कोणाला...'" पुढचं त्याने गिळलं.

सासूबाईंनी लॅपटॉप ओढून घेतला, चष्मा लावला आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस नोंदी वाचल्या. तोवर डॉक्टरांनी मांजराचा एकच कान तीनदा तपासला. बायकोचा हात पर्सकडे गेला होता.

"जावईबापू."

"चुकलो, आई."

"अहो, एकेचाळीस वेळा!" सासूबाईंनी डोळे पुसले. "आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात माझ्यावर चार ओळी लिहिल्या नाहीत. आणि शब्दन्‌शब्द खरा हो. बोलतेच मी पाऊण तास!"

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. बायकोही खुदकन हसली. "चला, आता मला शोध. 'बायको' टाक."

एकही नोंद सापडली नाही.

"नीट टाक रे."

"नीटच टाकलंय, ताई."

"मग नावाने बघ."

शून्य.

मांजर टेबलाखाली गेलं.

"अठरा वर्षं बसलेय मी इथे," बायको सावकाश म्हणाली. "एक ओळ नाही?"

"अगं, ती जनावरांची यादी आहे..."

"आई जनावर आहे का?"

बायकोने पर्स उचलली आणि ती तरातरा बाहेर पडली. "ताई, शोध बरोबरच चालतोय गं!" असं पटवत मेव्हणा तिच्यामागे धावला. त्याला अजून वाटत होतं, भांडण सॉफ्टवेअरवरूनच आहे.

डॉक्टर मटकन बसले. त्यांच्या पाठीवर प्रेमाने थाप पडली.

"काही काळजी करू नका, जावईबापू. उद्यापासून काउंटरवर मी. उद्या कशाला, आत्तापासूनच!" सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि बाहेर ताटकळलेल्या लोकांना हाक मारली. "या हो, पुढचं कोण? काय झालंय ते सांगा. अगदी पहिल्यापासून सांगा, घाई नाही."