चालकाचा दोष : निरंक

जगात जे जे तुटतं, ते कमजोर असतं म्हणूनच तुटतं. हे सत्य एकदा मान्य केलं की डोक्याचा बराच ताप वाचतो. पूल पडला, पूल कमजोर. खुर्ची मोडली, खुर्ची कमजोर. तिच्यावर उभं राहून नाचणाऱ्याला कोणी काही विचारायचं नाही. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात टर्की फोर्क नावाची दरी आहे. तिथल्या एटीव्ही मंडळाने हे सत्य आपल्या घटनेच्या पहिल्याच कलमात घातलेलं आहे. (दुसरं कलम बिअर कोणी आणायची याबद्दल आहे. त्यावर अजून एकमत व्हायचंय.)

एटीव्हीला जाड टायरची चार चाकं, मोटरसायकलचं सीट आणि मोटरसायकलचंच हँडल असतं. जिथे रस्ता नाही तिथे जाता यावं म्हणून हे वाहन काढलं गेलं. टर्की फोर्कला आता रस्ते बरे झालेत, त्यामुळे मंडळाला मुद्दाम रस्ता सोडून जावं लागतं. बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींच्या वाटा, गोट्यांनी भरलेले ओढे आणि सगळ्यांत वर 'मेलेली घोडी' नावाची चढण. हे नाव का पडलं ते सांगायला नको. घोडी मुळातच कमजोर असणार, असं मंडळाचं मत आहे.

मोडतोडीची चौकशी करायला मंडळाची एक समिती आहे. अध्यक्ष अर्विल बेव्हिन्स, निवृत्त खाणमुकादम. सोबत आणखी दोघं सभासद, त्यांचं काम मान हलवण्याचं. समितीचा कारभार चोख आहे. गेल्या नऊ वर्षांत एकूण त्रेचाळीस मोडतोडी चौकशीला आल्या. त्यांत धातूचा दोष सत्तावीस, वेल्डिंगचा अकरा, कारखान्याचा चार, हवामानाचा एक. चालकाचा दोष, निरंक. इतकी निर्दोष माणसं एका दरीत जमली आहेत, ही गोष्ट राज्य सरकारच्या नजरेत अजून कशी आली नाही कोण जाणे.

समितीचा तांत्रिक सल्लागार डेन्झिल स्टिल्टनर. म्हणजे ज्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचं मशीन आहे तो. डेन्झिलने उभा जन्म खाणीत छताला बोल्ट मारण्यात घालवला. जमिनीखाली छत सदान्‌कदा खाली यायला टपलेलं असतं. डोंगराला 'जरा दमानं घे बाबा' म्हणून उपयोग नसतो. बोल्ट मारायचा, आणखी एक मारायचा, आणि कुठे कुरकुर ऐकू आली तर तिथेही एक मारायचा. या शहाणपणाने त्याचा स्वतःचा आणि बऱ्याच जणांचा जीव वाचला होता. खाण बंद झाली तेव्हा हेच शहाणपण तो वर घेऊन आला आणि एटीव्हीसारख्या एका खेळण्याला त्याने ते लावलं. आता खेळणं म्हणजे काही डोंगर नव्हे. ते उजव्या अंगठ्याने गॅस दाबला की पळतं आणि अंगठा उचलला की गुमान थांबतं. पण अंगठ्याला बोल्ट मारता येत नाही, त्यामुळे तो डेन्झिलच्या विषयात बसत नव्हता.

त्याच्या मशीनची पहिली चीर पुढच्या शॉकअपच्या ब्रॅकेटला पडली. त्याने तिथे त्रिकोणी पट्टी वेल्ड केली. आता तो भाग मोडणं शक्यच नव्हतं, म्हणून फ्रेम पट्टी जिथे संपते बरोबर तिथे मोडली. तिथे दुसरी पट्टी बसली. मग चीर पायदानाकडे सरकली, पायदानाकडून मागच्या चाकाच्या सांध्याकडे. पट्ट्यांनी वजन वाढलं म्हणून स्प्रिंगा कडक केल्या. स्प्रिंगा कडक झाल्या म्हणून फ्रेमला मार जास्त बसू लागला. मार जास्त बसतोय म्हणून पट्ट्या वाढवल्या. मंडळात याला प्रगती म्हणतात, आणि तिच्यात डेन्झिल सगळ्यांच्या पुढे होता.

वेल्डिंगला रंग लावायचा नाही, असा तिथला रिवाज. रविवारी चर्च सुटलं की सभासद पलीकडच्या मोकळ्या जागेत आपापली मशीनं आडवी पाडतात आणि एकमेकांना त्यांची पोटं दाखवतात. ज्याच्या मशीनच्या पोटाला जोड जास्त, त्याला मान जास्त. हा सोहळा चांगला लांबतो. बायका तोवर पिकअपमध्ये हीटर लावून बसतात आणि कोणाच्या तरी घटस्फोटाबद्दल बोलतात.

होता होता फ्रेममध्ये मोडण्यासारखं काही उरलंच नाही. तेव्हा धक्का हँडलमधून वर आला आणि डेन्झिलचं मनगट मोडलं. मनगट बांधलं तर पुढच्या खेपेला गळ्याखालचं हाड गेलं. डॉक्टरने पट्टी घालून स्क्रूने आवळलं. डेन्झिलने तो एक्स-रे शेडमध्ये आणला. अर्विलने बल्बसमोर धरून बराच वेळ निरखला.

"काम स्वच्छ आहे," तो म्हणाला. "पण पट्टी फार पातळ घातलीय रे. आपण असतो तर दुहेरी घातली असती."

"त्यांच्याकडे जाड पत्रा येत नसेल," डेन्झिल डॉक्टरची बाजू घेत म्हणाला.

त्या उन्हाळ्यात पाठ धरली. डॉक्टरने या वेळी पट्टीबिट्टी काही घातली नाही, नुसतं समोर बसवून सांगितलं की कमरेतले दोन मणके जेमतेम जागेवर आहेत. आणखी एकदा जोरात आदळलास की पाय गेले म्हणून समज.

आणि येत्या थंडीत मिस्टीचं लग्न ठरलेलं. मिस्टी ही डेन्झिलची एकुलती एक. बापाने मुलीला हात देऊन चर्चच्या दारातून आत न्यायचं असतं. डॉक्टरचं बोलणं आईकडून कळल्यावर ती मुद्दाम शेडमध्ये आली आणि उलट्या बादलीवर बसली.

"डॅडी, मला आहेर नको, केक नको, काही नको," ती म्हणाली. "तू माझ्याबरोबर आत यायचं. तुझ्या पायांनी, चालत. एवढं एक कर."

"म्हणजे काय, येणारच," डेन्झिल म्हणाला. तो मनापासून म्हणाला होता. अडचण एवढीच की लग्नाच्या आधी, ऑक्टोबरात झाडांची पानं लाल-पिवळी झाली की, मंडळाची मेलेल्या घोडीवरची वार्षिक चढाई असते.

डेन्झिलची बायको ओपल हिने यावर मंडळाच्या बैठकीतच तोंड उघडायचं ठरवलं. ती पेपरोनी रोलचं, म्हणजे आत मांसाचे काप भरून भाजलेल्या पावांचं, ताट घेऊन शेडमध्ये आली. (ओपल शाळेची बस चालवते. याच डोंगरांतून, याच घाटांतून. तिची बस आजवर कुठेही मोडलेली नाही, त्यामुळे या विषयातला तिचा अनुभव शून्य धरला जातो.)

"एक विचारू का?" ती म्हणाली.

"विचार की," रोल उचलत अर्विल म्हणाला.

"जरा हळू चालवलं तर?"

शेडच्या कोपऱ्यातला कुत्रा उठून बाहेर गेला.

"हळू म्हणजे नेमकं कसं?" अर्विलने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"हळू म्हणजे हळू. पुढे दगड दिसला की गॅस सोडायचा."

"मग फ्रेम मजबूत झाली की नाही, हे कळणार कसं?"

"कळून काय करायचंय?"

अर्विलने टोपी काढून डोकं खाजवलं, दोघा सभासदांकडे पाहिलं, दोघांनीही मान हलवली. "ओपल," तो शेवटी म्हणाला, "रोल मात्र झकास झालाय हं." सूचना विषयाबाहेरची म्हणून वगळण्यात आली आणि रोल एकमताने मंजूर झाले.

घरी आल्यावर ओपलने ताट धुतलं, पुसलं आणि मग नवऱ्याकडे वळली.

"तुला पोरीपेक्षा ते टोळकं मोठं झालं का रे?"

"तसं नाही गं."

"मग कसं आहे ते तरी सांग."

डेन्झिलने टोपी खुंटीला अडकवली. खाण बंद झाल्यापासून त्याला कुठे कोणी काही विचारत नव्हतं. शेडच्या दारात मात्र माणसं मोडलेलं मशीन घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, डेन्झिल, आता तूच बघ. सगळे हळू चालवायला लागले तर मोडायचं थांबेल, आणि मोडायचं थांबलं तर दारात कोण येणार? ही भीती त्याच्या मनात घर करून होती आणि तिची त्याला लाजही वाटत होती. "यंदाचं शेवटचं," तो म्हणाला. ओपलने दिवा घालवला.

मंडळ काही निष्काळजी नव्हतं, हे इथे नमूद केलं पाहिजे. मिस्टीच्या इच्छेचा समितीने सहानुभूतीपूर्वक विचार केला. फ्रेमचं काम पूर्ण झालेलं होतं, उरला होता फक्त डेन्झिल. तेव्हा सर्वानुमते डेन्झिललाच मजबुती देण्यात आली. खाणीतल्या जुन्या कन्व्हेयरचा रबरी पट्टा कापून त्याच्या छातीपोटाला गुंडाळला, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी सळ्या घातल्या आणि ट्रकचे बकल लावून आवळलं. त्यात त्याला वाकता येईना, वळता येईना, नीट श्वासही घेता येईना. म्हणजे काम पक्कं झालं होतं.

चढाईच्या दिवशी हवा फार सुंदर होती. मेलेल्या घोडीच्या मधोमध दगडाची एक उभी पायरी लागते. डेन्झिलने ती पाहिली, ओपल आठवली, मिस्टी आठवली, मागून अर्विलने दिलेली आरोळी ऐकली आणि अंगठा दाबला. मशीन उडालं आणि खाली आदळलं. फ्रेम हलली नाही. पट्टा हलला नाही. एवढ्या मोठ्या धक्क्याला कुठेतरी जाणं भागच होतं.

मंडळी धावत आली आणि शिस्तीप्रमाणे आधी मशीन पाहायला बसली.

"डेन्झिल, ऐक," अर्विल मशीनच्या खालून ओरडला. "एक जोड उखडला नाही बघ."

"पायदानाजवळ बघितलंस?" डेन्झिलने विचारलं. तो बाजूच्या झुडपात उताणा पडला होता.

"बघितलं ना. केसाएवढी चीर नाही."

"मग ठीक आहे," डेन्झिल म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला. इतक्या वर्षांनी एकदाची फ्रेम झाली होती. आपल्याला पाय आहेत की नाहीत हे समजत नाही, हे त्याच्या थोडं उशिरा लक्षात आलं.

दवाखान्याने घरी पाठवताना चाकांची खुर्ची दिली. अ‍ॅल्युमिनियमची, हलकी, घडी होणारी. अर्विलने दोन बोटांनी ती उचलून पाहिली आणि त्याला भरून आलं. "या असल्या पत्र्यावर तुला बसवलं?" तो म्हणाला. मंडळाने दुसरी खुर्ची बांधायला घेतली. चौकोनी पाइप, कोपऱ्याकोपऱ्यात त्रिकोणी पट्ट्या, मागे एटीव्हीचे जाड टायर. डेन्झिल पलंगावरून एकेक सांधा सांगत होता आणि शेडमध्ये फोन स्पीकरवर ठेवून माणसं ऐकत होती. ते दिवस त्याचे बरे गेले. खुर्ची ढकलायला चौघं लागायचे, पण ती मोडणार नव्हती, हे त्यातले कोणीही सांगत.

लग्नाच्या दिवशी खुर्चीला पांढऱ्या रिबिनी बांधल्या. चौघांनी ढकलत ती चर्चच्या दाराशी आणली आणि ती तिथेच थांबली. दार दोन्ही बाजूंनी बोटभर कमी पडत होतं.

आत पियानो सुरू झाला होता. मिस्टी पांढऱ्या झग्यात दाराशी उभी होती. तिने आधी खुर्चीकडे आणि मग बापाकडे पाहिलं.

"डॅडी, दवाखान्याची खुर्ची ममाच्या गाडीत आहे. तिच्यात बस. चालायचं राहू दे. मी ढकलते, आपण दोघं जाऊ."

डेन्झिलला हो म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होता. तेवढ्यात अर्विल त्याच्या कानाशी वाकला. "पहिल्याच उंबऱ्याला मोडून बसेल लेका ती खुर्ची. सगळ्या गावासमोर."

"दोनच मिनिटं, बाळा," डेन्झिल म्हणाला. "चौकट जराशी घासली की झालं."

ग्राइंडर आणायला माणूस पळालाही होता. आतला पियानो एकदा संपला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मिस्टीने वाकून बापाचा टाय नीट केला. त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मग ओपलने पुढे होऊन तिचा हात धरला, "चल गं," म्हणाली, आणि मायलेकी आत गेल्या. डेन्झिलला त्या दोघींच्या पाठी दिसत राहिल्या, मग आतली मंडळी उभी राहिल्यामुळे त्याही दिसेनाशा झाल्या. तो रडला. तोवर ग्राइंडर चालू झाला होता, त्यामुळे कोणाला ऐकू गेलं नाही.

समितीने पुढच्याच आठवड्यात चौकशी पूर्ण केली. चर्चचं दार शंभर वर्षांपूर्वी अपुऱ्या दूरदृष्टीने बांधलं गेलं, असा निष्कर्ष निघाला. डेन्झिल बैठकीला नव्हता. ओपलने शेडला कुलूप घातलं आहे, आणि मिस्टी बापाला दर रविवारी फोन करते, हवापाण्याबद्दल बोलते.

वाचकहो, तुम्ही समंजस आहात. दार आधीच मोजायला हवं होतं, हे तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. काहींना असंही वाटलं असेल की मागचे जाड टायर काढून साधी चाकं लावली असती तर खुर्ची सहज आत गेली असती. जाते. समितीने नंतर करून पाहिलं. इतका बारकाईने विचार करणारी माणसं हल्ली मिळत नाहीत. मंडळात तांत्रिक सल्लागाराची जागा रिकामी आहे, आणि तुमचे दोन्ही पाय अजून चालतात असं दिसतंय.