चष्मेवाल्याचा चोर

"किटली," बायको म्हणाली.

"मांजर आहे ते," चष्मेवाला म्हणाला.

"मग ही तोटी कसली?"

"शेपूट."

बायकोने कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि भाजी चिरायला निघून गेली. महिनाभर रोज एक चित्र काढायचं, तेही समोर बघून, असा पण चष्मेवाल्याने केला होता. त्यावर बायकोने अट घातली होती. न सांगता ओळखू येईल असं एक जरी चित्र निघालं, तर ती ते बाहेरच्या खोलीत टांगणार. नाही निघालं, तर पेन्सिली माळ्यावर, आणि पुन्हा चित्राचं नाव काढायचं नाही! आणि महिना उद्या संपत होता. लहानपणापासून ह्या माणसाला चित्र काढायचं होतं हो! आधी अभ्यास आडवा आला, मग चष्म्यांचं दुकान. आता पन्नाशीत हा एवढा एकच नाद, आणि तोही सुटणार ह्या काळजीने त्याला जेवण गोड लागेना.

दुकानातही त्याने नशीब अजमावून पाहिलं होतं. अक्षरांच्या तक्त्याऐवजी एका गिऱ्हाइकापुढे मांजराचं चित्र धरलं आणि विचारलं, "काय दिसतं?" "काहीच धड दिसत नाही हो!" म्हणत ते बिचारं घाबरलं आणि जाड भिंगांचा चष्मा मागायला लागलं. त्याची समजूत घालताना चष्मेवाल्याच्या नाकी नऊ आले.

शेवटच्या दिवशी त्याने खिडकी काढायचं ठरवलं. खिडकीत चुकण्यासारखं असतं काय? चौकट आणि गज! खालच्या मजल्यावर गणिताच्या बाई राहत, त्यांची खिडकी चांगली ठसठशीत होती. पण उघड्यावर उभं राहिलं की कुणीतरी डोकावणार आणि 'हे काय?' म्हणून विचारणार. म्हणून तो टोपी कपाळावर ओढून विजेच्या मीटरांआड उभा राहिला. खिडकीकडे बघायचं, मान खाली घालायची, पुन्हा बघायचं. एवढ्यात बाईच खिडकीत आल्या. ह्याची घाबरगुंडी उडाली आणि हा धूम पळाला.

संध्याकाळी सगळी इमारत खाली जमली.

"दिवसाढवळ्या माझ्या खिडकीचे गज मोजत होता मेला!" गणिताच्या बाई हातवारे करून सांगत होत्या. "तोंड नाही दिसलं, टोपी तेवढी दिसली."

"कॅमेऱ्यात बघू या की," कुणीतरी म्हणालं.

"कॅमेरा बंद आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पण चोरांना ते माहीत नाही."

चष्मेवाला हळूच मागे सरकला. "चित्रबित्र काढत असेल बिचारा," तो कसाबसा म्हणाला.

"मग लपला कशाला? पळाला कशाला?" सेक्रेटरी कडाडले. "सापडू दे, सरळ पोलिसांतच देतो."

चष्मेवाल्याने खिशातला कागद चाचपला. आपण चोर नाही ह्याचा तेवढा एकच पुरावा, आणि त्यात खिडकी आहे हे पटवायचं कुणाला?

"त्या माणसाचं चित्र काढून घ्या ना!" बायको उत्साहाने म्हणाली. "आमचे हे रोज काढतात!" आणि गॅसवर दूध राहिलंय म्हणून ती वर पळाली. नवऱ्याला मात्र पुरतं लटकवून गेली.

"काढा," सेक्रेटरींनी कागद पुढे सरकवला. "टोपी बाई सांगतील, चेहरा अंदाजाने काढा."

आपल्यासारखं काही म्हणता काही काढायचं नाही, असं चष्मेवाल्याने मनाशी पक्कं केलं. पण जो हात महिनाभर ऐकत नव्हता, तो आज बरा ऐकेल! लांबट चेहरा काढायला गेला, तो गोल झाला. चष्मा मुद्दाम गाळला, पण भीतीने डोळे इतक्यांदा गिरवले की त्यांच्यावर काचा चढल्या. कान चापून बसवत होता, तोच सेक्रेटरींचा धक्का लागला आणि डावा कान पार बाहेर आला. चष्मेवाल्याचा डावा कान जन्मापासून तसाच आहे.

"वा! अट्टल दिसतोय," सेक्रेटरी म्हणाले, आणि घाईघाईने चित्राचा फोटो काढून त्यांनी तो आजूबाजूच्या इमारतींच्या वॉचमनना धाडूनही दिला.

तेवढ्यात बायको खाली आली. तिने चित्र पाहिलं. "अगंबाई! हे तर तुम्ही!"

सगळे चष्मेवाल्याकडे वळले. अशा वेळी शहाण्या माणसाने 'छे, काहीतरीच काय' म्हणावं की नाही? चष्मेवाल्याने उडीच मारली. "ओळखलंस? न सांगता?"

"अहो, कान बघा की!"

"मग टांगायचं!" तो ओरडला, आणि मगच त्याला भोवतालची माणसं दिसली.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं आणि खिशातला कागद काढून गणिताच्या बाईंना दिला. बाईंनी तो सरळ धरला, मग उलटा धरला.

"ही माझी खिडकी?"

"हो."

"सोडा ह्यांना," बाई सेक्रेटरींना म्हणाल्या. "ह्या कागदावरून जन्मात कुणाला माझं घर सापडायचं नाही."

घरी आल्यावर बायको खिळा शोधायला लागली. चष्मेवाल्याला मात्र नवीनच काळजी लागली. "खरं सांग, दया आली म्हणून नाही ना बोललीस?"

"दया कसली? पण हा कान मी इतकी वर्षं बघतेय. मी नाही ओळखणार तर कोण?"

झालं! म्हणजे चित्र नाही, नुसता कान ओळखला. घरच्याच माणसाने ओळखलं, त्यात काय मोठं? खिळा ठोकून झाला, चित्र टांगून झालं, तरी त्याचं तोंड उतरलेलंच राहिलं.

सकाळी तो दुकानाला निघाला. पुढच्या चौकातल्या इमारतीशी कुणीतरी मागून त्याची कॉलर धरली.

"थांब! कालच्या फोटोतला तूच ना?" वॉचमन गरजला.

चष्मेवाल्याने वळून पाहिलं. "तुम्ही... तुम्ही मला आधी कधी पाहिलंय?"

"कशाला पाहू? चित्र पाहिलंय ना! आता सोडत नाही."

"सोडू नका, अजिबात सोडू नका," चष्मेवाला गहिवरून म्हणाला. "आधी माझ्या बायकोला फोन लावा."