फक्त जोडप्यांसाठी

आमच्या थोरल्या दिरांनी न्यूफाउंडलँडच्या एका आडगावात खास जोडप्यांसाठी कॉटेज काढलंय. आत लाकडं जाळायची शेगडी, जाड गोधडी, खिडकीशी दोन खुर्च्या, त्याही अगदी एकमेकींना चिकटून. जाहिरातीत लिहिलंय, 'जगापासून दूर, फक्त तुम्ही दोघं.' आणि हे कॉटेज चालवणारे आमचे दादा आणि मालतीवहिनी गेली कित्येक वर्षं एकमेकांशी चकार शब्द बोललेले नाहीत.

अबोला मराठी घराला नवा नाही. माझा आणि माझ्या नवऱ्याचाही होतो, पण संध्याकाळी आमटीला फोडणी बसली की त्याला भूक लागते आणि अबोला संपतो. दादा-वहिनींचा संपला नाही, कारण त्यांनी तो पाहुण्यांच्या जिवावर चालवला.

पाहुण्यांचा नाश्ता अंगणापलीकडे ह्यांच्याच स्वयंपाकघरात असतो. टेबलाच्या एका टोकाला दादा, शेगडीपाशी वहिनी, मध्ये बिचारं जोडपं. दादा शेजारच्या तरुणाला म्हणतात, "प्लीज टेल माय वाइफ, द टी इज कोल्ड." वहिनी हातभर अंतरावर. तरी तो गोंधळून तिकडे वळतो आणि निरोप देतो. वहिनी त्याच्या बायकोला म्हणतात, "टेल हिम, ही केम लेट." एडमंटनहून आलेलं एक नवं जोडपं तर निरोप पोचवून पोचवून इतकं दमलं, की तिसऱ्या दिवशी त्यांचं त्यांच्यात बोलणं बंद झालं.

बहुतेकांना वाटतं ही भारतातली जुनी चालरीत असावी. एका बाईंनी तसं इंटरनेटवर लिहिलंही, फार कौतुकानं. दादा भडकले. "माझ्या घरातलं भांडण ट्रॅडिशन म्हणून टाकलं? मला विचारलं होतं?"

'मला विचारलं होतं?' हे दादांचं पालुपद. ते सतत रागावलेले असतात आणि प्रत्येक रागाच्या शेवटी हे असतंच. गावानं कचऱ्याचा वार बदलला, मला विचारलं होतं? वाऱ्यानं ओसरीवरची खुर्ची उचलून डबक्यात टाकली, मला विचारलं होतं? माझ्या नवऱ्यानं कॉटेजसाठी हौसेनं बदामाच्या आकाराची लाल उशी पाठवली, तर फोन आला, "माणसानं डोकं कुठं ठेवायचं ह्यावर? आणि मला विचारलं होतं?" कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाच्या वर्षी पर्यटकांची झुंबड उडाली, त्या उन्हाळ्यात अंगणात मूस येऊन उभा राहिला. मूस म्हणजे घोड्याहून उंच सांबर. पाहुणे खोलीत दडले. दादा पायजम्यावर बाहेर गेले आणि त्या जनावराला खडसावून विचारू लागले, "कुणाला विचारून आलास?" मूस गेला. मला त्यात नवल वाटलं नाही. मीही गेले असते.

आता मला ह्या माणसाचा राग का येतो ते सांगते. जगानं आपल्याला विचारावं म्हणून हा घसा फोडणारा गृहस्थ, ह्यानं स्वतः बायकोला काय विचारलं होतं? टोरांटोजवळ ओकव्हिलला त्यांचं छान घर होतं. तळं चालत जाण्याजोगं, मागे वहिनींच्या गुलाबांचा वाफा. दादा रिटायर झाले, मित्राबरोबर मासे धरायला म्हणून न्यूफाउंडलँडला गेले आणि माळावरचं हे कॉटेज ठरवूनच परतले. वहिनी एका दुपारी ग्रोसरी घेऊन घरी आल्या, तर गुलाबांच्या वाफ्यात 'फॉर सेल'ची पाटी ठोकलेली. मी तेव्हा तिथंच होते. वहिनींनी पिशव्या खाली ठेवल्या. "विचारायला तोंड नव्हतं?" एवढंच म्हणाल्या. पुढे घराच्या कागदांवर त्यांनी सही केली, सामान बांधलं, तिकडे गेल्या. दादांशी मात्र ते शेवटचं वाक्य.

त्यांच्या जागी मी असते तर ती पाटी उपटून डोक्यात घातली असती.

आणि आणलं कुठं, तर ह्या माळावर. झाड म्हणून नाही. खुरटी झुडपं, खडक, काळ्या पाण्याची डबकी आणि रात्रंदिवस वारा. गाव म्हणजे एक चर्च, एक दुकान आणि रंगीत लाकडी घरं. वहिनी ह्या माळावर एकट्याच फिरतात, रानातल्या लाल आंबट बेरी वेचतात आणि मोहरी फेसून त्यांचं लोणचं घालतात. सबंध गाव ते टोस्टला लावून खातं.

गेल्या नोव्हेंबरात दादांचा फोन आला. "सुधा, लगेच फ्लाय कर. अर्जंट आहे."

"काय झालं? वहिनी बऱ्या आहेत ना?"

"ये म्हटलं ना! आणि गाडी रेंट करताना विंटर टायर्स आहेत का बघ." फोन बंद.

नवऱ्याला सुट्टी नव्हती. मी एकटीच टोरांटोहून विमानात बसले, पुढे धुक्यातून, कुठून मूस आडवा येतो ह्या धास्तीनं तासन्‌तास गाडी हाकली. येऊन बघते, तर वहिनी धडधाकट उभ्या. ओट्याशी बेरी निवडत होत्या. "हडकलीस गं," म्हणाल्या.

दादा टेबलाशी. "बस. तिला विचार."

"काय विचारू?"

"लास्ट जे कपल येऊन गेलं, त्यांना ही प्रॉपर्टी विकत हवीय. त्यांचे रोज फोन येतायत. तिला विचार, इथंच राहायचं की परत ओकव्हिलला कॉन्डो बघायचा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ह्यासाठी मला एवढ्या लांबून बोलावलंत? मला वाटलं कुणी आजारी आहे!"

"मग काय करू?" दादाही ओरडले. "सीझन संपला. घरात एक गेस्ट नाही. कुणाच्या तोंडून विचारू? ते म्हणतात आत्ता साइन करा. मी नाही करत. तिला विचारल्याशिवाय ह्या वेळी मी कुठंही सही करणार नाही!"

हे सगळं वहिनींच्या पाठीमागे, दोन पावलांवर. त्यांचा हात बेरींत थांबला होता.

दादांकडे बघितलं. दाढी वाढलेली, डोळे लाल. इतके दिवस ह्या घरात हा माणूस एक प्रश्न घशात घेऊन बसला होता. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. पण सुटका नव्हती. मी तोंड उघडलं, "वहिनी, दादा विचारतायत—"

"तू गप्प बस गं," वहिनी मागे न वळता म्हणाल्या. "ज्याला विचारायचंय त्याला तोंड आहे."

दादांचे कान तांबडे झाले. ते शेगडीकडे रागानं बघू लागले, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. आता कुणावर तरी ओरडणार असं वाटलं. पण ओरडले नाहीत.

"मालती," ते म्हणाले. आवाज बसका आला. "इथं राहायचं का गं?"

वहिनींनी सावकाश हात पुसले आणि वळल्या. "आधी चहाचं विचारा. तेही कधी विचारलं नाहीत. घराचं मग बघू."

"चहा घेतेस?"

"घेईन. आलं घालून."

दादा उठले. ह्या कपाटात बघितलं, त्या कपाटात बघितलं. "आलं कुठं असतं?" त्यांनी विचारलं. मला नाही, वहिनींना विचारलं. वहिनींनी बोट दाखवलं, मग न राहवून स्वतःच जाऊन काढून दिलं. "साखर किती घालू?" दादांनी लगेच पुढचं विचारलं. मग दूध. मग किती उकळू. एकदा विचारायला लागले ते थांबेचनात, आणि वहिनी त्यांच्या कोपराशी उभ्या राहून एकेकाचं उत्तर देत होत्या.

चहा झाला. दोन कपांत ओतला. दोघंही समोरासमोर बसली.

मी, विमानानं आलेली, धुक्यातून गाडी हाकत आलेली, अजून कोटसुद्धा न काढलेली, तिथंच उभी होते. मला कुणी विचारलंही नाही.