बाजेखाली शेगडी, भिंतीवर एसी

उदगीरच्या शेषेरावांनी एसी घेतला तो लेकीच्या बाळंतपणासाठी, आणि तोच त्यांच्या मानगुटीवर बसला. भर मे महिना. पुनमनं नांदेडहून माहेरी येण्याआधीच बजावलं होतं, "अप्पा, एसी असंल तरच येते." दुकानदार म्हणाला, "मालक, खोली किती तापली ते ह्याचं ह्योच बघतो, तेवढाच चालतो. वीज निम्मी!" जावई सत्यमनं तो आपल्या मोबाईललाही जोडून ठेवला. शेषेराव खूश. त्यांच्या बायकोला, केवळाबाईंना मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

"बाळंतिणीला गार वारं? कंबर धरली की जलमभर मलाच शिव्या देशील," म्हणत त्यांनी बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, वर मूठभर ओवा टाकला.

"आई, मी भाजून निघून राहिले!"

"तुझ्या टायमाला मी बी निघाले व्हते."

पुनम बापाकडं वळली. "अप्पा, शेगडी जाईल, न्हाई तर मी जाते नांदेडला, बाळ घिऊन."

"शेगडी गेली तर मालिश तुमीच करा," केवळाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

इकडं आड, तिकडं विहीर! शेषेरावांनी दोघींनाही "हाव" म्हटलं. खाली शेगडी, वर एसी.

आता एसी बिचारा इमानदार. खोली तापली म्हणून त्यानं जोर वाढवला. गार झुळूक लागताच केवळाबाईंनी चार कोळसे वाढवले. त्यानं आणखी जोर केला. बाईंनी पदर खोचला. "मला भिववून राहिलाय मेला!" दुपारपर्यंत ते वीज वाचवणारं यंत्र पिठाच्या गिरणीसारखं घरघरू लागलं. धूर कोंडला म्हणून शेषेरावांनी खिडकी उघडली, तर झळा आत आल्या. बाळानं घर डोक्यावर घेतलं. तेवढ्यात फोन वाजला.

"मामा, आग लागली का? मोबाईलवर खोली सेहेचाळीस दाखवून राहिली!" सत्यम ओरडत होता.

"आग न्हाई जावईबापू, शेक हाय—"

खटकन घरातली वीजच गेली. तिकडं मोबाईलवरून खोलीच गायब झालेली पाहून सत्यम 'येतोच' म्हणत गाडीत बसलाही होता.

"येतच हायेत तर जाते त्यांच्यासंगं," म्हणत पुनमनं बॅग भरली. शेषेरावांच्या तोंडचं पाणी पळालं. अर्ध्या बाळंतपणात लेक सासरी? लोक काय म्हणतील ते म्हणोत, पण नऊ दिवसांचा तो इवला जीव जाणार म्हणून त्यांना रडूच येऊ लागलं. केवळाबाई लंगोटांच्या घड्या घालत होत्या. शेगडी त्यांनी स्वतःच अंगणात नेऊन ठेवली होती.

संध्याकाळी सत्यम पोचला. सगळे धडधाकट दिसल्यावर तो पायरीवरच मटकन बसला.

"चला, बॅग भरली हाय," पुनम म्हणाली.

"चल की. वाटंत आईला फोन केला व्हता. तिकडं शेक चालू हाय म्हणल्यावर लई खूश झाली. म्हणली, इकडंच आण, सव्वा महिना मी देते. दोन शेगड्या मागवल्यात तिनं. एक डोक्याकडं, एक पायाकडं."

"आन् आपल्या खोलीतला एसी?"

"बाबांच्या खोलीत बसवलाय."

 पुनमनं बॅगेची चेन उघडली आणि बाळाची टोपडी एकेक करून फळीवर ठेवू लागली.

"आई, सकाळी अर्धा तास शेक दे. खिडकी उघडी, एसी बंद. मग शेगडी भाईर आन् एसी चालू."

"पाऊण तास."

"बरं, पाऊण."

शेषेरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी नांदेडच्या दिशेला तोंड केलं आणि लेकीच्या लग्नापासून पहिल्यांदाच विहीणबाईंना मनापासून हात जोडले.