राउटर, मोडेम आणि भिंतीवरचं बारसं

"मोडेम आपके घर पहुँच चुका है, सर," फोनवरची मुलगी चौथ्यांदा म्हणाली.

"घर में मैं बैठा हूँ कि आप? नहीं आया बोला ना!" अनंतराव पाठकांनी रिसीव्हर आपटला आणि पायात चपला सरकवल्या. "कुसुम, मी बाजारातून घेऊन येतो. यायच्या भरवशावर राहिलो तर नात मॅट्रिक होऊन जाईल."

नात अकरा दिवसांची होती. अनंतरावांचा मुलगा सुशील मेलबर्नला, आणि कुसुमताईंचा पासपोर्ट कुठल्याशा टेबलावर अडकलेला. म्हणून बारसं रविवारी सकाळी नऊ वाजता लॅपटॉपवर करायचं ठरलं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि आत्या राधिका इथे रायपूरला, चौबे कॉलनीतल्या घरात. मोबाइलवर प्रयत्न करून झाला होता. त्यात बाळाचं कपाळ आधी येई आणि हनुवटी येईपर्यंत बाळ झोपून जाई. त्यासाठीच घरच्या फोनवर ब्रॉडबँड घेतलं होतं. कुसुमताईंना नात एकदा हलताना पाहायची होती, बाकी काही नको होतं.

निघण्याआधी अनंतरावांनी घर पालथं घातलं, नाही असं नाही. कुसुमताईंचं आहेराचं कपाटसुद्धा उघडलं. घरात आलेली बंद वस्तू न फोडता त्या कपाटात ठेवायची आणि पुढच्या कार्याला कागद चढवून देऊन टाकायची, हा कुसुमताईंचा तीस वर्षांचा नियम. कपाटात भिंतीवरची तीन घड्याळं, दोन लेमन सेट आणि एक कॅसरोल निघाला. मोडेम नव्हता.

दुकानदारानं विचारलं, "अंकल, राउटर दूँ या मोडेम?"

अनंतराव रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं सिग्नल सांभाळलेल्या माणसानं दुकानात उभं राहून दोन डब्यांतला फरक विचारायचा? शिवाय शेजारच्या गुलाबरावांशी त्यांची याच विषयावरून महाराष्ट्र मंडळात जुंपली होती. गुलाबराव पाटबंधारे खात्यातले. "मोडेमच पाहिजे! मले एकसष्टीत कोण्या जाणकार माणसानं मोडेमच दिला," असं त्यांनी भर सभेत सुनावलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. त्यामुळे मोडेम घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यातून राउटरला तीन अँटेना होते.

"ये," अनंतराव म्हणाले.

"मोडेम तो है ना घर में?"

"सब है," अनंतराव म्हणाले आणि पिशवी उचलून चालू लागले.

शनिवारी दुपारी कुसुमताईंनी राउटरला हळदकुंकू लावलं. बटण दाबताच ओळीनं हिरवे दिवे लागले आणि अनंतरावांचे डोळे भरून आले. निवृत्तीनंतर इतकं हिरवं त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांनी त्याला नावही दिलं, 'अनंतराव सिग्नल'.

"पासवर्ड क्या रखूँ, पापा?" राधिकानं विचारलं.

"सिग्नलले कुलूप असते का कुठं? खुला राहू दे."

राधिकानं लॅपटॉप उघडला. "पापा, वाय-फाय तो फुल आ रहा है, पर नेट नहीं चल रहा."

"दिवा हिरवा आहे ना? मग लाइन क्लिअर. गाडी येईल."

अर्धा तास झाला तरी गाडी काही आली नाही. सिग्नल हिरवा आणि गाडी येत नाही, याचा अनंतरावांच्या अनुभवात एकच अर्थ होता. ड्रायव्हरला सिग्नल दिसत नाही, खांब उंच करा. त्यांनी एक्स्टेंशन बोर्ड घेतला, गच्चीवर चढले आणि पाण्याच्या टाकीवर राउटर बसवला.

आता तो सगळ्या गल्लीला दिसू लागला. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर 'अनंतराव सिग्नल' झळकला आणि खुला आहे म्हटल्यावर ज्यानं त्यानं त्यावर बोट ठेवलं. फोननं आपलं चालतं नेट सोडून अनंतरावांचं न चालणारं नेट धरलं. पाच वाजेपर्यंत अकरा घरांचे निरोप, फोटो आणि सुप्रभात बंद पडले होते.

"काकाजी, आपका नेट बंद है!" फाटकाशी एक जण ओरडला.

"कल से एग्ज़ाम का रिजल्ट देखना है, भैया, जल्दी कीजिए," मागून एक बाई म्हणाल्या.

ज्यांच्या घरात नेटचा थेंब नव्हता, त्यांच्याकडे अकरा घरांची तक्रार आली होती. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. अनंतरावांनी जुनी वही काढली, वर 'तक्रार पुस्तक' असं लिहिलं आणि प्रत्येकाची सही घेतली. "काम चालू है," ते गंभीरपणे म्हणाले. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी त्यांना कामाचं विचारत होतं आणि ते त्यांना आवडत होतं, हे कबूल करायला हवं.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून गुलाबराव मोठ्यानं म्हणाले, अर्थात अनंतरावांशी नव्हे, आपल्या बायकोशी, "मंदाकिनी, धरण बांधलं नाही आन् लोक कालवे काढून राहिले!"

रविवारी सकाळी आठ वाजता फोनवरच्या त्याच मुलीनं सांगितलं, "सर, मोडेम के बिना राउटर कुछ नहीं करेगा." अनंतराव खुर्चीत बसले ते उठेनात. घुगऱ्या शिजून तयार होत्या. सुशीलचा निरोप आला की पाळणा सजलाय, बाळ जागं आहे.

"सब गया," राधिका म्हणाली आणि लॅपटॉप मिटून रडायला लागली.

कुसुमताईंनी पदरानं डोळे पुसले आणि मग एकदम पदर खोचला. "गुलाबरावाच्या घरी नेट येते ना?"

"आता है, पर एक ही तार है, उनके कंप्यूटर में. कैमरा नहीं है."

"म्हणजे पाणी त्यायच्याकडे आन् नळ आपल्याकडे. मग रडून काहून राहिले तुमी दोघं?"

"मी त्याच्या घरात पाय ठेवणार नाही!" अनंतराव म्हणाले.

"माझा मोडेम त्याच्या घरात जाणार नाही!" पलीकडून गुलाबराव म्हणाले. म्हणजे ते ऐकतच होते.

"मंदाताई!" कुसुमताईंनी हाक मारली. त्या भिंतीवरून गेली वीस वर्षं दोघींच्या भाजीच्या वाट्या ये-जा करत होत्या. "मोडेम भिंतीवर ठेवा. भिंत तर दोघाईची आहे ना?"

दोघं काही म्हणायच्या आत मंदाकिनीबाईंनी मोडेम आणलासुद्धा. फोनची तार भिंतीपर्यंत पुरेना, तेव्हा अनंतराव खुर्चीतून उठले आणि जपून ठेवलेलं तारेचं भेंडोळं घेऊन आले. गुलाबरावांनी जोड दिला. अनंतरावांनी टाकीवरचा राउटर उतरवला. बोलणं बंदच होतं, पण "धर", "सोड", "इकडं नाही, तिकडं" हे काही बोलण्यात धरत नाहीत.

नऊला तीन मिनिटं कमी असताना दोन्ही डबे भिंतीवर शेजारी शेजारी बसले. मोडेमचा दिवा लुकलुकला, राउटरचा लुकलुकला, आणि पडद्यावर आख्खं बाळ आलं. कपाळासकट, हनुवटीसकट. त्यानं जांभई दिली.

"हलली! अहो, हलली ना!" कुसुमताई ओरडल्या.

"गाडी आली," अनंतराव पुटपुटले.

त्याच क्षणी अकरा घरांतले फोन टिंगटिंग वाजू लागले आणि गल्ली भिंतीच्या दोन्ही बाजूंनी गोळा झाली. मेलबर्नला सुशीलनं लॅपटॉप पाळण्यात बाळाच्या कानाशी नेला. राधिका वाकली आणि एरवी हिंदीशिवाय न बोलणारी ती पोट्टी स्वच्छ मराठीत म्हणाली, "कुर्रर्र! बाळाचं नाव श्रावणी!" टाळ्या अशा वाजल्या की पलीकडे श्रावणी दचकून रडायला लागली, आणि तेही अजिबात न अडकता ऐकू आलं.

घुगऱ्या वाटता वाटता कुसुमताईंनी मोडेम नीट ठेवायला म्हणून उचलला. तळाशी एक पांढरी चिठ्ठी होती. ग्राहकाचं नाव, अनंतराव पाठक, चौबे कॉलनी.

त्यांना सगळं आठवलं. दारात आलेलं कुरियर. न फोडलेलं चकचकीत पुडकं. कपाट. आणि दोनच दिवसांनी आलेली गुलाबरावांची एकसष्टी.

आहेराच्या वस्तूंवरच्या चिठ्ठ्या काढण्यात तीस वर्षांचा हात होता. अंगठ्याच्या नखानं एका दमात चिठ्ठी निघाली आणि कमरेच्या कनवटीत गेली. कोणाला कळलं नाही.

"काहो अनंतराव," गुलाबराव भिंतीवर रेलून, चार दिवसांत पहिल्यांदाच थेट म्हणाले, "शेवटी कोणाचा मोडेम कामी आला?"

सगळी गल्ली अनंतरावांकडे पाहू लागली. त्यांनी एकदा नातीकडे पाहिलं, एकदा राउटरकडे पाहिलं आणि घशात घुगऱ्या अडकल्यासारखं तोंड करून म्हणाले, "तुमचा."

"हव, भाऊजी, तुमचाच," कुसुमताई म्हणाल्या आणि त्यांच्या वाटीत आणखी एक पळी घुगऱ्या वाढल्या.