चक्करशाहीचा पाडाव

ज्यांचे मस्तक ठिकाणावर आहे ऐशा तमाम भाग्यवंतांनी ही हकिकत बसून वाचावी, आणि ज्यांस उभे राहताच जमीन नावेसारखी डुलताना भासते त्यांनी तर बसूनच वाचावी. दुकानांच्या पाट्या रंगविणारे शिडीबहाद्दर पेंटरसाहेब यांजवर चक्करशाहीने स्वारी केली आणि साहेबांनी तिचा पाडाव केला, तो मजकूर ऐसा जे:

प्रथम कानात विषाणूंची टोळी शिरली आणि तिने आतील तोलाचे ठाणे लुटले, आणि साहेब पलंगासकट गरगर फिरले. मग औषधांची कुमक पोचली, टोळी परागंदा जाहली, आणि कानाच्या डॉक्टरांनी ठाणे तपासून, कान साफ, आता काही नाही, घरी जावे, ऐसे फर्मान काढिले. टोळी गेली, परंतु चक्कर वतनदार होऊन राहिली. मान वळवावी तो भिंत मागाहून वळे, आणि मोठ्या दुकानात मालाच्या रांगांतून चालावे तो डबे आणि बाटल्या दोहों बाजूंनी चाल करून येत.

तेसमयी साहेबांनी थोर पराक्रम केला. शिडी विकून टाकिली. मग मान ताठ, नजर नाकासमोर, एक हात भिंतीस आणि दुसरा पत्नी बाईसाहेबांच्या दंडास, या व्यूहाने ते न्हाणीघरापर्यंत कूच करीत आणि सुखरूप परतल्याचे घरभर जाहीर करीत. बाईसाहेब शाळेत शिकवीत; त्या शाळेतून धावत येत आणि दंड पुढे करीत. पाट्यांची कामे भलत्यांच्याच हाती गेली. मेहुणे, ज्यांस सर्व रोगांची मुळे रोग होण्याआधीच ठाऊक असत, ते सोफ्यावर लोडास टेकून वदले, "मनाचे खेळ आहेत हो. जरा हिंडत जा!" आणि स्वतः पाणी मागवून प्यायले.

मग मोहिमा निघाल्या. पहिली तोल सावरण्याचे व्यायाम शिकविणाऱ्या व्यायामबाईंकडे. त्यांनी भिंतीवर एक अक्षर चिकटवून हुकूम दिला की नजर अक्षरावर ठेवून मान डावी-उजवीकडे हलवावी. साहेबांनी आधी अक्षराचे वळण चुकल्याचे निदर्शनास आणिले, मग मान हलविली, आणि चक्कर उसळताच, व्यायामाने दुखणे वाढते, ऐसा शोध लावून माघार घेतली. दुसरी मोहीम मानसतज्ज्ञांकडे. तेथे खुर्ची उत्तम होती. भीती कशी उपजते आणि कशी फुगते, हे साहेबांस इतके समजले की बसल्या जागी व्याख्यान द्यावे. परंतु उठले की हात भिंतीस. नवल हे की दोन्ही मातब्बरांच्या खोल्या एकाच मजल्यावर समोरासमोर होत्या, आणि मध्ये समुद्र असावा ऐसा त्यांचा परस्परांशी व्यवहार.

अखेर बाईसाहेबांची सहनशक्ती खलास जाहली. त्यांनी दोन्ही दारे एकदम ठोठावून दोघांस बाहेर काढिले.

"तुम्ही यांची मान हलवता, आणि तुम्ही मन. एकमेकांशी बोलता तरी का कधी? आणि माझा दंड काय जिन्याचा कठडा आहे?"

दोन्ही मातब्बर ओशाळले. मग एकाच खोलीत खलबत भरले आणि साहेबांस भिंतीलगत मऊ गादीवर उभे केले. व्यायामबाई म्हणाल्या, मेंदूतला पहारेकरी पहिल्या हल्ल्यानंतर झोपलाच नाही, सावली हलली तरी बोंब ठोकतो. मानसतज्ज्ञ म्हणाले, आणि भिंत धरली की त्याला वाटतं, बरं झालं ओरडलो.

"आता काय होईल असं वाटतंय?" त्यांनी विचारिले.

"पडणार. डोकं फुटणार."

"बरं. हात सोडा आणि मान हलवा."

साहेबांनी डोळ्यांत पाणी आणून मान हलविली. चक्कर आली, घटकाभर तिने थैमान घातले, आणि ओसरली. साहेब उभेच होते. या गोष्टीचा त्यांस किंचित अपमानही वाटला. मग हा सराव रोज चालला. काही दिवशी सरशी, काही दिवशी रडारड, आणि एकदा तर तीन दिवस संपच.

शेवटी मोठ्या दुकानावर एकट्याने स्वारी ठरली. बाईसाहेब बाहेर थांबल्या. साबणांच्या रांगेत शत्रूने चहूंकडून गाठिले, घाम फुटला, हात फळीकडे गेला. साहेबांनी तो परत घेतला आणि खिशात न घालता मोकळा सोडिला. दुकानातील मुलीने विचारिले, "काका, काही शोधताय का?"

"नाही गं. चक्कर आलीये. जाईल, म्हणून थांबलोय."

आणि ती गेली. साहेब रांगेच्या टोकापर्यंत चालले, वळले, मान हलवीत परत आले. दारापाशी बाईसाहेबांनी सवयीने दंड पुढे केला. साहेबांनी त्यावर पिशवी अडकविली. पिशवी रिकामी होती. "अहो, साबण?" बाईसाहेबांनी पुसिले. साहेब पुन्हा आत गेले.

ऐसी फत्ते जाहली. चक्कर समूळ गेली, ऐसे लिहिणारा खोटा. दमल्या दिवशी ती अद्याप येते, परंतु तिजसाठी कोणी काम सोडून उठत नाही. साहेबांनी नवी शिडी आणिली, ती सध्या बुटकी आहे. आणि त्या विजयाच्या संध्याकाळी बाईसाहेब पायात चपला सरकवून एकट्याच फिरावयास गेल्या, बऱ्याच वेळाने परतल्या, आणि कोठे होतात, हे त्यांस घरात कोणी विचारिले नाही. इतके घडले, ते दप्तरी नमूद केले असे.